एक बांबू कमी पडतो

मे महिना लागला की आमच्या बुऱ्हाणपुरात दोन गोष्टींना ऊत येतो, लग्नांना आणि इंग्रजीच्या क्लासेसना. लग्नांचं मी समजू शकते. क्लासचं मला अजून कळलेलं नाही, आणि क्लास मीच चालवते. ज्या पोरांनी वर्षभर इंग्रजीच्या पुस्तकाकडे ढुंकून पाहिलेलं नसतं, ती अंगाची लाही होणाऱ्या उन्हात डोक्याला ओलं फडकं गुंडाळून जिना चढून येतात. सुट्टीत घरी बसून नुसते मोबाईल बघतील, त्यापेक्षा मॅडमकडे जाऊन बसा, असा त्यांच्या आयांचा हिशेब. खाली आमच्या ह्यांचे माग चालू असतात. पॉवरलूमची खटखट दिवसभर तळपायातून वर चढते, आणि वरच्या खोलीत मी त्या आवाजावर माझा आवाज चढवून इंग्रजी क्रियापदं शिकवते. त्यामुळे माझा आवाज घरातही तसाच लागतो. शेजारीण म्हणते, शोभा मॅडम कोथिंबीर मागायला आल्या तरी वाटतं, तोंडी परीक्षा घ्यायला आल्यात.

परवा फ्रेजल व्हर्ब चालू होते. इंग्रजांनी एका साध्या क्रियापदाला शेपूट जोडून जोडून जो गोंधळ करून ठेवलाय, तो. पहिल्या बाकावर पूजा बसते. हिचं डोकं चांगलं आहे आणि तोंड त्याहून चांगलं. ती म्हणाली, "मॅडम, ये प्रॉप अप का मतलब डिक्शनरीत सपोर्ट दिलाय. मग सीधा सपोर्टच म्हणायचं ना. उगाच का लंबा करायचं?"

प्रश्न काही वाईट नव्हता. मी म्हटलं, अगं, सपोर्ट कसाही करता येतो. लांबून करता येतो, फोनवरून करता येतो, नुसतं तोंडानं पण करता येतो. प्रॉप अप करायचं तर काहीतरी घेऊन तिथं जावं लागतं. पडू बघणाऱ्या गोष्टीला खालून किंवा बाजूनं काहीतरी लावून ती उभी ठेवायची, म्हणजे प्रॉप अप. आजारी माणसाला पाठीशी उश्या लावून बसवलं, प्रॉप अप. जेवताना पुस्तक तांब्याला टेकवून वाचलं, प्रॉप अप. मग सवयीनं बोलून गेले, टेकू देणं.

"अरे, टेकू!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. "केळीला लावतात तो! मॅडम, पहले बोलना था ना."

सगळा वर्ग हसला. अर्ध्याहून जास्त पोरं केळीवाल्यांची. त्यांना जन्मल्यापासून जो शब्द येतो, तो मी डिक्शनरी उघडून पाव तास समजावत होते. मीही हसले. तेवढ्यात खिडकीचा पडदा आत आला, फुगला, आणि फळ्यावरची धूळ माझ्या तोंडावर आली. हवा सुटली होती. पोरं वहीची पानं दाबून बसली आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. गल्लीतल्या तारांवर वाळत घातलेलं सूत हलत होतं. आकाश मळकट झालं होतं. पूजा म्हणाली, "मॅडम को घर की याद आई." खरंच आली होती. लपवण्यासारखं त्यात काय आहे.

माझं माहेर इच्छापूरच्या अलीकडे. रस्त्यावरून देवीची टेकडी दिसायला लागली की उतरायची तयारी करायची. घराबाहेर पडलं की दोन्ही हातांना केळी. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर भट्टी पेटलेली असते, पण बागेत शिरलं की पायाखाली ओल, डोक्यावर पानांचं छत, आणि एक कच्चा, तुरट वास. तो वास केळीच्या चिकाचा. चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि तो कपडा फाटला तरी डाग जात नाही. आमच्या गावातल्या कुठल्याही माणसाचा सदरा बघा, हा शेतकरी आहे हे सांगायची गरज नाही.

मृगात लावलेली केळ होळीच्या मागेपुढे निसवते, म्हणजे पोटातून घड बाहेर टाकते. मग मेपर्यंत तो घड भरत जातो आणि झाड एका बाजूला वाकायला लागतं. केळ म्हणजे झाडच नव्हे खरं तर. नुसते पानांचे पदर एकावर एक. आत लाकूड नाही, पाणीच पाणी. एवढ्याशा जिवावर माणसाला उचलता येऊ नये असा घड. म्हणून ज्या बाजूला घड, त्या बाजूनं, गळ्यापाशी बांबू लावायचा. दोन बांबूंची कैची केली तर उत्तमच. बांबू आणि खोडाच्या मध्ये जुन्या लुगड्याची घडी ठेवायची, नाहीतर खोड सोलतं. टेकू लावलेली बाग दुरून बघितली की वाटतं, गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या काठ्या घेऊन उभ्या आहेत. पण म्हाताऱ्या कुठल्या? पोटुश्या असतात त्या. हे मंगलावहिनीचं वाक्य. ती बागेत शिरताना नेहमी म्हणायची, "बसा गं बायांनो, उठू नका."

मंगलावहिनी ही माझ्या दादाची बायको. ती आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. आई लवकर गेलेली. माझ्या वेण्या घालायच्या, मला उठवायचं, माझ्या परीक्षेच्या दिवसांत पहाटे चहा करून समोर ठेवायचा आणि मी पेंगले की पाठीत धपाटा घालायचा, हे सगळं तिनं अंगावर घेतलं. प्रेमाचं एक अक्षर मात्र तिच्या तोंडून कधी निघालं नाही. "पास झाले" म्हणून मी नाचत आले की ती म्हणायची, "बरं झालं. आता पाणी भर." मला वाटायचं, हिला आनंद झालाच नाही. मग संध्याकाळी ताटात शिरा दिसायचा, आणि शिरा कशाबद्दल ते कुणी विचारायचं नाही.

ज्या वर्षाची मी गोष्ट सांगतेय, त्या वर्षी बापूंची कंबर गेली. माझे वडील बापू म्हणजे केळीत जन्मलेला माणूस, पण ओट्यावरच्या खाटेवरून उठणं होईना. दादा कागद कारखान्यात नोकरीला. त्याची शिफ्ट, त्याची झोप, त्याची बस. तो म्हणाला, बाग बटाईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन टाकू. गिऱ्हाईक तयारच होतं. आणि तेव्हा वहिनी पदर खोचून बापूंपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "एक साल मले द्या."

गावात हसले लोक. बाई बागेत कामाला जाते, बाग करत नसते. दादाही हसला, पण घाबरून. बापूंनी बराच वेळ तंबाखू मळला. मग म्हणाले, "घेजो एक साल. घडं उतरले तं बाग तुझी. नाही उतरले तं बटाईनं जाईल, मग पुन्हा तोंड नाही उघडायचं." वहिनी बरं म्हणाली आणि आत जाऊन पोळ्या लाटायला बसली. पण त्या दिवशी पोळ्या जरा जास्तच गोल होत होत्या.

तिनं ते वर्ष कसं काढलं ते मी बघितलंय. माझं बी.ए. झालं होतं, लग्न ठरत होतं, मी घरीच होते. उन्हातान्हात ती बागेत. कंद निवडताना ती, बुडाशी फुटलेली पिलं कापताना ती, लाईट येईल तेव्हा पाणी सोडायला ती. मोटारीच्या खोलीची किल्ली मात्र दादाकडे. दर वेळी मागून न्यायची आणि परत आणून द्यायची. त्यात तिला काही वाटत होतं की नाही, तिनं कधी दाखवलं नाही. बाग मात्र अशी आली की हसणारे लोक बांधावरून डोकावून जायला लागले. घड मांडीएवढे. वहिनीनं प्रत्येक झाडाला बांबू लावला. मजुरांनी लावलेला ती पुन्हा हलवून बघायची आणि न पटला तर काढून स्वतः लावायची.

आणि त्यातच माझं लग्न निघालं, मेच्या शेवटाला. ह्या भागात सगळ्यांना लग्न त्याच तिथीला करायचं असतं, त्यामुळे मांडववाल्यानं एक मांडव चार घरांना कबूल केला होता. हळदीच्या आदल्या दिवशी त्याचा माणूस सायकलवर निरोप घेऊन आला की पाईप नाहीत, कापड तेवढं मिळेल. कापड काय डोक्यावर हातांनी धरायचं? बापू खाटेवर उठून बसले. "पाहुणे उन्हात बसवू का मी?" एवढंच म्हणाले, पण त्यांचा चेहरा बघवेना. एकुलत्या लेकीचं लग्न.

वहिनी परातीत तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "बांबू आहेत ना बागेत."

दादा म्हणाला, "टेकूचे?"

"हवा कुठं हाय? पान हलेना. दोन दिवसांचं काम. परवा पुन्हा लावू."

आता इथं मला थांबून सांगायला हवं. चार-पाच दिवस पान हलत नाही, जीव घुसमटतो, तेव्हाच वावधन येतं, म्हणजे ते धुळीचं पिसाट वादळ. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. बापूंना ठाऊक होतं, दादाला होतं, वहिनीला तर होतंच. मग बोललं कुणी का नाही? कारण लग्नघर. लग्नघरात वाईट बोलायचं नसतं. दूध उतू गेलं तरी बायका म्हणतात, चांगलं झालं, भरभराट. अंगणात एवढी माणसं होती, प्रत्येकानं एकदा आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, हो हो, हवा कुठं आहे. असली चूक आमच्याच लोकांनी करावी. ज्यांना केळीतलं काही कळत नाही, त्यांनी निदान विचारलं तरी असतं.

वहिनीनं आतल्या ओळींचे बांबू काढले, बाहेरच्यांचे ठेवले. बाहेरच्या ओळी वारा अडवतील, असा तिचा विचार. मी तिच्याबरोबर होते. एकेक बांबू काढताना ती खोडावर हात ठेवायची. "दोन दिवस सांभाळा गं," म्हणायची. "घरचं कार्य हाय." तिची बाग, तिचं ते मागून घेतलेलं एक वर्ष, त्यातला आधार काढून ती माझ्या मांडवाला देत होती. मला ते तेव्हा कळत होतं. मी म्हटलंही, वहिनी, राहू दे, निंबाखाली लग्न लावू. ती म्हणाली, "गप. शहरातले लोक येणार तुझे. निंबाखाली काय बसवते?"

मांडव झाला. वर जांभळाचे डहाळे, मधून मांडववाल्याचं गुलाबी कापड. सुंदर दिसत होता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना हळद. बायका गात होत्या, मी पाटावर, आणि वहिनी वाटी घेऊन माझ्या गालाला हळद लावत होती. एकदम गाणं ऐकू येईनासं झालं असं वाटलं. गाणं चालूच होतं, पण चिमण्या गप्प झाल्या होत्या. सातपुड्याच्या अंगाला आभाळ विटकरी झालं होतं. वहिनीनं एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा हळद लावायला लागली. पण त्याच गालाला तिनं पुन्हा पुन्हा लावली.

मी म्हटलं, "वहिनी, जा तू."

"तुझी हळद?"

"लागली हळद. जा."

ती हलेना. मोठ्या बहिणीसारखी, आईसारखी तीच तिथं होती, आणि बिनआईच्या पोरीची हळद अर्धी टाकून उठायचं कसं, एवढंच तिला सुटत नव्हतं. पहिली झुळूक आली, डहाळे सळसळले. आणि ओट्यावरून बापूंचा आवाज आला.

"मांडव सोडा."

बायकांचं गाणं थांबलं. एक लांबची मावशी म्हणाली, अहो, हळदीच्या दिवशी मांडव उतरवतात का, अपशकुन होतो. बापू खाटेच्या कडेला हात रोवून बसले होते. म्हणाले, "मांडव पुन्हा बांधता येतो. पडलेली केळ उभी नाही राहत. सोडा म्हणतो ना." घड नाही उतरले तर बाग बटाईनं जाईल म्हणणारा हाच माणूस. पण मला वाटतं, त्या क्षणी त्यांना बटाई, बिटाई काही आठवत नव्हतं. आपल्या सुनेचा चेहरा दिसत होता फक्त.

मग जे झालं, तसं मी पुन्हा कुठल्या लग्नात पाहिलं नाही. दादा खांबावर चढला. पाहुण्यांनी सफारीच्या बाह्या सारल्या. गुलाबी कापड कुणाच्या तरी डोक्यावर आलं आणि तो माणूस तसाच अंगणभर हिंडला. बांबू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडले आणि त्यावर माणसं. हळद लागलेल्या मुलीनं उंबरा ओलांडायचा नसतो, पण मी ट्रॉलीत होते. ती मावशी मागून धावत आली. मला वाटलं, ओढून खाली काढते. तिनं माझ्या हातात अडकित्ता कोंबला आणि म्हणाली, "लोखंड असू दे जवळ." म्हणजे जायला हरकत नव्हती, अडकित्ता घेऊन जायचं होतं.

बागेत पोचलो तेव्हा पानं फाटायला लागली होती. नवं कापड हातानं टरकावल्यासारखा तो आवाज, आणि तो चहूकडून. डोळ्यांत धूळ. एकानं खोड धरायचं, दुसऱ्यानं बांबू रोवायचा, तिसऱ्यानं बांधायचं. कोण कुणाचा पाहुणा, काही विचारायची सोय नव्हती. वहिनी ओळीओळीतून पळत होती. "गळ्याजवळ लावा, घडाला नको, घडाला नको." बाहेरच्या ओळीतली झाडं टेकूसकट पडत होती. केळ मोडत नाही, धप्पकन बसते, माणूस बसावा तशी. प्रत्येक धप्प ऐकलं की वहिनीचे खांदे हलायचे, पण ती मागं वळून बघत नव्हती.

आणि शेवटी, वाटेच्या तोंडाशी एक केळ राहिली. बांबू संपले होते, घाईत रोवताना एकदोन मोडले होते. ट्रॉलीत डहाळे तेवढे उरले होते. वहिनीनं इकडं तिकडं बघितलं आणि घडाच्या बाजूनं खोडाला पाठ लावून उभी राहिली. मी अडकित्ता कमरेला खोचला आणि तिच्या शेजारी पाठ लावली. खांद्याला खांदा. ते खोड आमच्या पाठीवर श्वास घेतल्यासारखं पुढेमागे होत होतं, आणि घड डोक्यावर टेकलेला. चीक ओघळून माझ्या हळदीच्या साडीवर पडत होता. आम्ही दोघी किती वेळ तशा होतो, कोण जाणे.

वारा थोडा ऐकू देईल इतका उतरला तेव्हा वहिनी म्हणाली, "परवापासून तू नसशील. मग इथं कोण?"

मी म्हटलं, "मी येईन ना."

"तुझं सासर काय बागेत हाय?" असं म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. तोंडावर धूळ होती, हळद होती, आणि ती रडत होती. मी तिचा हात धरला. तिनं लगेच सोडवून घेतला आणि म्हणाली, "झाड धर."

पाऊस आलाच नाही. नुसती धूळ उडवून वादळ तापीकडे निघून गेलं. बाहेरच्या ओळी गेल्या, पण आतली बाग उभी होती. सकाळी, लग्नाच्या दिवशी, बापू दोघांच्या खांद्यावर हात टाकून बागेपर्यंत आले. चालवत नव्हतं तरी आले. एक ओळ बघितली, दुसरी बघितली. वहिनी बाजूला डोक्यावर पदर घेऊन उभी. दादाकडे वळून म्हणाले, "मोटारीच्या खोलीची किल्ली तिच्याकडं दे."

माझं लग्न निंबाखालीच लागलं. बांबू बागेतून कुणी काढू दिले नाहीत. कमानीला केळीचे खुंट मात्र घडासकट, एकाच्या जागी पाच बांधले, कारण पडलेल्या केळींना त्या दिवशी तोटा नव्हता. आमचे हे अजून म्हणतात, मला बिनमांडवाचं खपवलं. सासूबाईंनी हळदीच्या साडीवरचे काळे डाग बघून विचारलं, काय गं हे? मी म्हटलं, माहेरचं आहे.

डिक्शनरीशी माझं एक भांडण आहे, ते इथं सांगून टाकते. प्रॉप अप हा शब्द इंग्रजी पेपरात बघा, नेहमी थोडा नाक मुरडून वापरलेला असतो. अमक्यानं तमक्याचं डळमळतं सरकार टेकू देऊन उभं ठेवलं. बुडीत कारखाना कुणीतरी टेकू देऊन चालवला. म्हणजे ज्याला टेकू लागतो, तो कच्चा, नालायक, आपल्या पायावर उभं राहायची ज्याची ऐपत नाही असा. मी पोरांना हा वापर शिकवते, परीक्षेला येतो. पण मनातून मला तो पटत नाही. आमच्याकडे रिकाम्या केळीला कुणी बांबू लावत नाही. ती ताठ उभी असते, वारा आला तरी डुलते फक्त. टेकू लागतो तो भरलेलीला. जिनं अंगापेक्षा मोठं काहीतरी धरलेलं असतं तिला. त्या वर्षी आमच्या घरात ती वहिनी होती, आणि तिनं हातचा आधार काढून मला दिला होता. इंग्रजांच्या देशात केळी होत नाहीत, त्याला ते तरी काय करणार.

बापू गेल्यावर माझं माहेर कसं राहील, ही धास्ती मला होती. आमच्या खानदेशात लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी येतात, झोके बांधतात. बोलावणारं माणूस असलं तर येतात. दादा स्वभावानं विसराळू, त्याला शिफ्टपलीकडे तिथी माहीत नाही. आणि वहिनी तर "ये गं, आठवण येते" असं मेली तरी म्हणणार नाही. बापू गेले त्या वर्षीची आखाजी तशीच गेली. मी घरात उगाच भांडी आदळत होते. आणि नंतर आठवड्याभरानं फोन वाजला. वहिनी.

"शोभा, वाटेच्या तोंडाची केळ राहिली. एक बांबू कमी पडतो. तुमच्या बुऱ्हाणपुरात मिळते का?"

मी बांबूच्या वखारीत गेले. वखारवाला विकलेल्या बांबूच्या बुडाला निळा रंग फासतो, तसा फासून त्यानं दिला. इंग्रजीची मॅडम, खांद्याला पर्स, हातात निळ्या बुडाचा बांबू, अशी मी बसस्टँडवर उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, ये टपावर टाकू का, की तिकीट काढणार याचं?" मी गेले, बांबू लावला, पिठलं-भाकरी खाल्ली, एक रात्र राहिले, वहिनीशी बाजेवर पडून जगभरच्या गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी परत.

तेव्हापासून दर मे महिन्यात फोन येतो. दर वर्षी बाग नवी, पण वाटेच्या तोंडाला एक केळ असतेच, आणि एक बांबू कमी असतोच. आमचे हे म्हणतात, लोक माहेरी नारळ नेतात, साडी नेतात, ही बांबू नेते. कंडक्टर बदलले, तरी नव्या कंडक्टरला जुना सांगून जात असावा. मी दिसले की विचारतात, "आज बांबू?" मला कधी वाटलं नाही की एवढी हुशार बाई, एवढी मोठी बाग, अंदाज करून करून हिचा दर वर्षी नेमका एकच बांबू कसा चुकतो. इंग्रजीतले बारीकसारीक अर्थ मी उलगडून सांगते म्हणे.

परवा पडदा उडाला त्याच संध्याकाळी फोन आला. मी क्लासला सुट्टी दिली. पूजा म्हणाली, "मॅडम, प्रॉप अप करायला चाललात?" म्हटलं, हो, आणि आल्यावर तुझी टेस्ट घेणार आहे.

वहिनी बांधावर बसली होती. गुडघा सुजलेला, त्यावर एरंडाची पानं बांधलेली. केस सगळे पांढरे. कमरेला किल्ली तीच. मला आणि बांबूला बघून म्हणाली, "बारीक आणला." मग दोरी लागली. दर वर्षी दोरी तीच आणून देते. ह्या वर्षी उठायला गेली आणि कळ आली. मी म्हटलं, बस, मी आणते, आणि कमरेची किल्ली ओढून घेतली.

"थांब," ती म्हणाली. "दादाले पाठवते."

"दादा झोपलाय. आणते ना."

मोटारीच्या खोलीत अंधार होता. दोरी खुंटीला होती, दारातच. पण डोळे सरावले तेव्हा मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले बांबू दिसले. ओळीनं. प्रत्येकाच्या बुडाला निळा रंग. काहींचा विटलेला, काहींचा ताजा, गेल्या वर्षीचा तर काल फासल्यासारखा. बुडाला बागेची माती वाळलेली. घड उतरल्यावर काढून, झटकून, इथं आणून ठेवलेले. त्यातला कुठलाही उचलून वाटेपर्यंत न्यायला तिला किती वेळ लागला असता? मी तिथंच पाईपवर बसले. मला रडू आलं, हसूही आलं, आणि बाहेर ती वाट बघत होती.

दोरी घेऊन बाहेर आले. वहिनीनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग तोंड फिरवून केळीकडे बघायला लागली. आम्ही बांबू लावला. मी खोड धरलं, तिनं बसल्या बसल्या लुगड्याची घडी दिली आणि सांगितलं, गळ्याजवळ, घडाला नको. गाठ मारताना मी म्हटलं, "वहिनी, पुढच्या वर्षी पण कमी पडेल का गं एक?"

तिनं गुडघ्यावरचं पान नीट केलं.

"पडंल ना," म्हणाली. "जरा जाड आणजो."